एकशे अठ्ठावीस तपासनीस आणि निमोण्याचे आबा

दौंडला कोणी फिरायला जात नाही. दौंडला माणसं गाडी बदलतात, स्टेशनवर एक चहा घेतात आणि पुढं जातात. मी मात्र दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीत चार दिवसांची बॅग भरून मुद्दाम दौंडला गेले. आईनं विचारलं, "काय आहे गं तिथं बघण्यासारखं?" मी म्हटलं, "एका दवाखान्याची गच्ची." त्यावर तिनं डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या.

त्या गच्चीवर मला एक अँटेना लावायची होती. मी तेव्हा पुण्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात एम.ई. करत होते आणि दोन वर्षं खपून एक बोर्ड तयार केला होता. रेडिओवरून आकडे पाठवले की वाटेत त्यातले काही बिघडतात, शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. म्हणून खऱ्या आकड्यांबरोबर थोडे ताळ्याचे आकडे पाठवायचे आणि पलीकडे ताळा जुळवून बिघडलेले आकडे दुरुस्त करायचे. हे काम एकट्या कारकुनासारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत करत बसलं तर वेळ जातो. माझ्या बोर्डावरच्या चिपमध्ये मी एकशे अठ्ठावीस कारकून बसवले होते आणि ते सगळे एकाच वेळी आपापला ताळा तपासायचे. मी त्यांना तपासनीस म्हणायचे. चिप अशी होती, की तिच्या आतली जोडणी लॅपटॉपवरून पाहिजे तेव्हा मोडून नवी करता यायची. भिंत पाडायला गवंडी लागत नाही असं घरच म्हणा.

काम साधं होतं. शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्सबाईंनी पेशंटचा ईसीजी काढायचा आणि तो रेडिओवरून दौंडच्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर उमटायचा. टेलिफोनच्या तारेवर भरवसा नव्हता. शनिवारी आमचे सर पैसे देणाऱ्या खात्याच्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन दौंडला येणार होते. पडद्यावर रेघ नीट उमटली तर निमोण्याचा रेडिओ कायमचा राहणार होता. नाहीतर अँटेना खाली, बोर्ड कपाटात आणि माझी एम.ई. आणखी एक वर्ष लांबणीवर.

मंगळवार, भांडगावमार्गे दौंड

सोबत आमच्या लॅबचे तंत्रज्ञ विलासराव होते. माणूस मूळचा भांडगावचा. कॉलेजात लागण्याआधी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात सहा वर्षं शिफ्ट केलेली, त्यामुळं कोणत्याही वेळी झोपायची आणि कोणत्याही वेळी जेवायची तयारी. सोलापूर रस्त्याला भांडगाव आलं तसं त्यांनी जीप परस्पर आत वळवली.

"पाच मिनिटं, मॅडम. चुलतभावाचं गुऱ्हाळ हाय."

पाच मिनिटांचा दीड तास झाला. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला हे ओळखणारा कसबी माणूस, काठावर उभा होता. मी त्याला विचारलं, "किती डिग्रीला उतरवता?" त्यानं माझ्याकडं बघितलं, उलथन्यावरचा एक थेंब पाण्यात टाकला, बोटानं चेपला आणि म्हणाला, "अजून न्हाई." माझ्या शिक्षणाची किंमत त्यानं दोन शब्दांत केली. मग आम्हाला वाटीभर गरम काकवी मिळाली. पुण्यात आम्ही काकवी चमच्यानं पोळीला लावतो. इथं ती ओंजळीनं पिण्याची वस्तू आहे असं माझ्या लक्षात आलं, पण तोवर थोडी माझ्या केबलच्या पिशवीतही गेली होती.

दौंडला पोचल्यावर पहिलं काम केबलची टोकं स्पिरिटनं पुसण्याचं झालं. स्पिरिट डॉक्टरीणबाईंनी दिलं. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या बाई. दवाखाना गावाबाहेर, मागं भीमेपर्यंत नुसता ऊस. मुंग्या लागलेल्या केबलकडं बघून त्या म्हणाल्या, "हीच का ती नवी टेक्नॉलॉजी?"

मी माझ्या एकशे अठ्ठावीस तपासनिसांची कथा रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला एवढंच कळतं," त्या म्हणाल्या, "रेघ सरळ असेल तर सरळ दिसली पाहिजे, वाकडी असेल तर वाकडी. रेघ मनाचं काही सांगायला लागली तर मी तिच्याकडं बघणार नाही."

"एखादा तुकडा दुरुस्तच झाला नाही, तर तिथं सपाट रेघ दिसेल," मी म्हटलं. "म्हणजे तुम्हाला कळेल, की इथला मजकूर आला नाही."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत अँटेना उभी राहिली. विलासरावांनी तिला नारळ फोडला आणि खोबरं वाटून टाकलं.

बुधवार, शिरूर आणि निमोणे

विलासराव दौंडला बोर्डाजवळ थांबले आणि पाठवायचं यंत्र घेऊन मी वडापनं निघाले. वडाप म्हणजे नऊ सीटांची जीप, जिच्यात चौदावा माणूस बसेपर्यंत ड्रायव्हर चहा पितो. माझ्या मांडीवर यंत्र, यंत्रावर कुणाचीतरी मेथीची जुडी. भीमा ओलांडली, ऊस विरळ झाला, ज्वारी आली, कांदा आला, मग नुसता उघडा माळ आला.

निमोण्याच्या अँटेनाचे पट्टे मी दौंडला विसरले होते, म्हणून वाकडी वाट करून आधी शिरूर गाठलं. बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानदारानं माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "वजन किती? वारं किती?" पुण्यातल्या दुकानदारानं आधी "नाही" म्हटलं असतं. यानं मोटारीच्या पाइपाचे चार पट्टे काढून दिले आणि वर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात ढिलं होतील, तवा या." पुढच्या उन्हाळ्यात ते तिथं असतील का, हेच मला माहीत नव्हतं.

निमोण्यात उतरले तेव्हा सुमन सिस्टर वाट बघत उभ्या होत्या. त्या उपकेंद्राच्या नर्सबाई. अंगानं बारीक, पण चार वाड्या आणि एक स्कूटी एकटीनं सांभाळणाऱ्या. शेजारच्या किराणा दुकानाचा फोन त्यांनी वायर ओढून खिडकीतून आत घेतला होता. छातीत दुखतंय म्हणून आलेला प्रत्येक माणूस त्यांना वडापनं शिरूरला पाठवावा लागायचा, मग ती कळ असो नाहीतर भज्यांचं अजीर्ण.

माझी राहण्याची सोय आबांकडं होती. आबांचं वय पासष्टीच्या पुढं, अंगात पांढरं बाराबंदीसारखं काहीतरी, डोक्याला तांबडं मुंडासं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारं. आबांच्या वडलांनी इथं जमीन केली आणि फिरणं थांबलं, तरी तीस-चाळीस मेंढरं आबांनी राखलीच होती. "पाय बसलं, पर मन न्हाई बसत," असं ते म्हणायचे.

सूर्य कलला तसा कळप रानातून आला. कोकरं दिवसभर जाळीच्या कुंपणात ठेवलेली असतात, त्या जाळीला वाघूर म्हणतात. मी विचारलं, "आबा, सगळी आली का हे मोजता कसं?"

"मोजायचं कशाला? सोडायचं."

त्यांनी वाघूर उचलली. तीसेक कोकरं बाहेर सुटली आणि एकच कल्लोळ उठला. प्रत्येक आई आपल्या पोराला हाक मारतेय, प्रत्येक पोर आईला. हुंगायचं, आपलं नसेल तर ढुशी द्यायची, पुढच्याकडं जायचं. दोन-तीन मिनिटांत आवाज बसत गेला आणि सगळीकडं नुसत्या हलणाऱ्या शेपट्या दिसायला लागल्या. फक्त एक मेंढी बाभळीपाशी ओरडत राहिली.

"त्ये बग. तिचं एक न्हाई आलं," आबा म्हणाले आणि वाघुरीच्या कोपऱ्यात अडकलेलं कोकरू काढून आणलं.

मी थक्क झाले. माझी चिप नेमकं हेच करत होती. कुणालाही सगळा कळप माहीत नाही, प्रत्येकाला फक्त आपलं माहीत, पण सगळे एकदम तपासतात, शेजाऱ्याला कळवतात, पुन्हा तपासतात. ज्याचा ताळा जुळत नाही तो ओरडत राहतो आणि चूक कुठं आहे ते कळतं. मी हे आबांना हातवारे करून समजावलं.

"म्हंजी तू बी धनगराचंच काम करतीस की," आबा म्हणाले. "मग फी कशाची भरली कालेजात?"

रात्री हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी. आमच्याकडं कुळथाचं पिठलं करतात आणि त्यात साखर घालतात हे मी सांगितलं. आबांच्या सूनबाईंनी ते ऐकून हात थांबवला आणि माझ्याकडं जरा दयेनं बघितलं.

गुरुवार, निमोणे

दुपारी बारा वाजता निमोण्याहून पहिले आकडे निघाले. हे ठरावीक, आधीच माहीत असलेले आकडे, म्हणजे पलीकडे चूक झाली की लगेच कळावी. फोनवर विलासराव होते, डोळे पडद्यावरच्या चुकांच्या पाटीवर.

"मॅडम, झीरो. एक बी चूक न्हाई!"

दोन तास झीरो. माझी मान ताठ झाली. उपकेंद्राच्या दारात जमलेल्या मंडळींना मी एकशे अठ्ठावीसची गोष्ट दोनदा सांगितली. मागितली नसताना.

दोन वाजता खऱ्या माणसाचा ईसीजी पाठवायचा ठरला. कोणी पुढं येईना. छातीला चिमटे लावणारं यंत्र बघून बाप्ये एकमेकांच्या मागं सरकले. शेवटी आबाच मुंडासं काढून खाटेवर आडवे झाले. "लावा माला. मेंढराला कात्री लावतो, ती कुटं कुरकुर करत्यात?"

सुमन सिस्टरनी तारा लावता लावता विचारलं, "आबा, काही त्रास होतो का? घेरी वगैरे?"

"उनात व्हती कवा कवा. उनाची कुनाला होत न्हाई?"

मी बटण दाबलं. दौंडहून विलासरावांचा आवाज आला आणि या वेळी त्यात झीरो नव्हता.

"मॅडम, रेघ तुटतीया. मधी मधी सपाट. चुका धडाधडा येत्यात. पाटीच भरली!"

पुन्हा पाठवलं. पुन्हा सपाट. तासभर हेच. दारातली मंडळी हळूहळू पांगली, पण कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

सरांना फोन लावला. सर वाईट माणूस नव्हते, फक्त शनिवार त्यांच्याही उरावर बसला होता. ते म्हणाले, "हे बघ, दुरुस्त करायला आता वेळ नाही. जो तुकडा येत नाही तिथं मागचाच ठोका पुन्हा काढ. ठोके काय, सगळे सारखेच असतात. पडदा चांगला दिसला पाहिजे."

खोटं कशाला सांगू, मी ते टाइप केलं. दोन ओळींचं काम होतं. मग लॅपटॉप बंद करून आबांच्या मागं शेतावर गेले, कारण उपकेंद्रात बसवेना.

आबांचं शेत म्हणजे एक गंमतच होती. ओढ्याकाठी एक चिंचोळी पट्टी, मग तीन भावांच्या तीन पट्ट्या, मग पलीकडे माळावर पुन्हा आबांची पट्टी, मग पुन्हा तिघांच्या. चार भावांची जमीन आठ जागी. माझ्या मनात राग होताच, तो मी त्या पट्ट्यांवर काढला.

"आबा, ही काय वाटणी झाली? एकाला ओढ्याकाठ, एकाला माळ, असं सरळ दिलं असतं तर? निम्मं रान बांधातच गेलं तुमचं!"

आबांना राग आला नाही. त्यांनी बांधावर बसून तंबाखू मळली.

"ओढा फुगला व्हता एक साल. काठ समदा धुवून न्हेला. सरळ वाटणी आसती तर एक भाऊ उठला आसता. आता काय झालं? चौघांचं थोडं थोडं ग्येलं. थोडं ग्येलं की बाकीच्यातनं भरून काढता येतं. समदं ग्येलं की मानूस उभा ऱ्हात न्हाई, पोरी."

मी बांधावरून उठले. मला बसवेना.

कारण हे मला माहीत होतं. पुस्तकाच्या पहिल्या काही पानांतच ते असतं. ताळ्यानं चुका दुरुस्त होतात त्या इकडं तिकडं विखुरलेल्या. एकाच जागी शंभर आकडे सलग बुडाले तर तिथल्या तपासनिसांच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून पाठवण्याआधी आकडे पत्त्यांसारखे ठरावीक रीतीनं पिसायचे आणि पलीकडे पुन्हा लावून घ्यायचे. वाटेत सलग तडाखा बसला तरी लावल्यावर तो सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो. हा पिसण्याचा भाग माझ्या चिपमध्ये आधी होता. तो मीच काढला होता. त्याची जागा मोकळी करून तिथं चौसष्टचे एकशे अठ्ठावीस तपासनीस केले, कारण एकशे अठ्ठावीस ऐकायला भारी वाटतात. लॅबमध्ये चुका मी स्वतःच विखरून टाकत होते, त्यामुळं कधी अडलंच नाही.

पण दौंडला सलग तडाखा येतोय कुठून? धावत जाऊन विलासरावांना फोन केला.

"मॅडम, मी त्येच सांगनार व्हतो. दोनला शेतीची लाइट येती. मागच्या उसात चाळीस-पन्नास मोटरी हायती आन् समद्यांनी ऑटो बसवलाय, आपोआप बटन दाबनारा. लाइट आली की समद्या मोटरी एकदम उठत्यात. एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की समद्या बंद पडत्यात. मग ऑटो परत उठवतो, परत बसतं. स्टार्टर नुसतं खडखड खडखड करत्यात. रेडिओवर भजन लावलं तरी त्येच ऐकू येतं."

"एकेकानं पाच मिनिटं थांबून चालू केली तर?"

"मग शेजाऱ्याची आधी चालू व्हईल न्हवं!"

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. सगळ्यांनी एकदम काम करायचं आणि त्याचाच अभिमान बाळगायचा, यात माझ्यात आणि त्या उसवाल्यांत काही फरक नव्हता. लॅपटॉप उघडून मी सरांच्या दोन ओळी पुसून टाकल्या.

शुक्रवार, ट्रॅक्टर आणि पुन्हा दौंड

नवी जोडणी बनवायला माझ्या जुन्या लॅपटॉपला तीन तास लागायचे. त्याच्या बॅटरीत एक तास होता. आणि सकाळी सहाला गावची लाइट गेली.

आबांनी ट्रॅक्टर काढला, उपकेंद्राच्या दारात आणून लावला, इंजिन चालू ठेवलं आणि त्याच्या बॅटरीवर रेडिओचा छोटा इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर लॅपटॉप असा संसार मांडला. जाणारा येणारा थांबायचा.

"आबा, उभ्या ट्रॅक्टरानं काय नांगरताय?"

"कम्प्युटर."

"खोल लागतंय का?"

"पुण्याची जमीन हाय. वरनं मऊ, खाली टनक."

साडेनवाला पडद्यावर ओळ आली: झालं. तपासनीस पुन्हा चौसष्ट. वेग निम्मा. काळजाला जरा चिमटा बसला, पण निम्मा वेगही ईसीजीला पुष्कळ होता. पाठवणाऱ्या यंत्रात पिसण्याचा भाग भरला, सुमन सिस्टरना बटणं दाखवली, दुपारी दोनची वेळ ठरवली आणि लॅपटॉप घेऊन मी वडापमध्ये बसले. ड्रायव्हर चौदाव्या माणसाची वाट बघायला लागला तेव्हा सिस्टरनी त्याच्याकडं असं काही बघितलं, की तो अकरा माणसांवरच निघाला.

दोनला दहा कमी असताना दौंडची चिप नव्या जोडणीनं उठली. डॉक्टरीणबाई ओपीडी थांबवून खुर्चीत बसल्या. विलासराव खिडकीशी, कान उसाकडं. दोन वाजले आणि मागच्या रानातून ते खडखड खडखड सुरू झालं. निमोण्याहून सिस्टर फोनवर म्हणाल्या, "आबा झोपलेत. पाठवते."

रेघ उमटायला लागली. एक ठोका, दुसरा, तिसरा. चुकांच्या पाटीवर शून्य. आत येताना शेकड्यांनी बिघडलेले आकडे, बाहेर पडताना एकही नाही. विलासरावांनी दोन्ही हात वर केले. मी ओरडणार, इतक्यात रेघ सपाट झाली. एक ठोका जिथं यायला हवा तिथं काही नाही. मग पुन्हा ठोके, मग पुन्हा तशीच कोरी जागा.

"अजून एक राहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. चुकांची पाटी पुन्हा बघितली. शून्य. प्रत्येक तुकड्याचा ताळा बघितला. जुळलेला. पिसण्याची रीत दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघितलं. सारखी. पंधरा मिनिटं मी माझ्याच कामात चूक शोधत होते आणि कोऱ्या जागा येतच होत्या.

"सिस्टर," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला तरी झोपवा. कुणीही चालेल."

निमोण्याला परत पोचलेला वडापवाला नेमका दारात होता. सिस्टरनी त्यालाच आडवा केला. त्याची रेघ आली, शाळेत आखून दिल्यासारखी. एकही कोरी जागा नाही. मागं उसात मोटरी तशाच खडखडत होत्या.

"पुन्हा आबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि पुन्हा त्या कोऱ्या जागा.

त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुझं मशीन काय म्हणतंय?"

"म्हणतंय, एकही चूक नाही."

"मग ही चूक नाही. त्यांचा ठोकाच गळतोय."

दोन ओळी. मी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांनी कालच्या गोंधळात प्रत्येक कोऱ्या जागेवर एक छान, खोटा ठोका काढला असता. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आणि आबा उनातली घेरी म्हणत माळावर मेंढरांमागं गेले असते.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरना आबांना लगेच दौंडला आणायला सांगितलं, पण आबा ऐकेनात म्हणून फोन माझ्याकडं दिला. मला रडू येत होतं आणि ते तारेवरून पलीकडे गेलं.

"आगं पोरी, रडतीस कशापायी?" आबांचा आवाज आला. "नवं मशिन हाय, अडकायचंच. माज्या ट्रॅक्टरानं सा म्हयने रडवलं व्हतं. व्हईल दुरुस्त. मी थांबतो हितंच आडवा, तू कर निवांत."

"आबा," मी म्हटलं, "मशीन बरोबर आहे."

पलीकडे खाट करकरली, आबा उठून बसले असावेत. मग ते सावकाश म्हणाले, "मग जीपवाल्याला थांबाय सांगा. सूनबाईला मेंढरांचं सांगून येतो."

पुढचं सगळं चांगलं झालं. पुण्यात त्यांना पेसमेकर बसला, शनिवारचे अधिकारी चहा पिऊन खूश होऊन गेले, रेडिओ निमोण्यात राहिला आणि माझी एम.ई. वेळेत झाली. पण मला आठवते ती साडेचारला दवाखान्याच्या दारात आलेली वडाप. आबा पुढच्या सीटवर, धुतलेलं मुंडासं बांधून, सिस्टर शेजारी त्यांचं मनगट धरून. उतरल्यावर ते डॉक्टरीणबाईंकडं गेले नाहीत, माझ्याकडं आले.

"कुटं हाय ती मोकळी जागा? दाव."

मी कागदावर काढलेली रेघ त्यांच्या पुढं धरली. त्यांनी बोट ठेवलं आणि ठोक्यांवरून, बांधावरून चालावं तसं हळूहळू पुढं नेलं. कोऱ्या जागेपाशी बोट थांबलं. ते माझ्याकडं बघून हसले.

"म्हंजी हितं मी न्हवतोच की गं," ते म्हणाले.